मेणबत्ती, मेलेले मासे आणि कल्हई

नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला दर दोन-चार वर्षांनी एक नवा शब्द ऐकायला मिळतो. कधी कृतियुक्त अध्यापन, कधी ज्ञानरचनावाद, कधी अनुभवाधारित शिक्षण. प्रशिक्षणाला जायचं, चहा-बिस्किटं खायची, तक्ता भरायचा, आणि ‘पाठाचा दैनंदिन जीवनाशी संबंध’ या रकान्यात काहीतरी लिहून परत यायचं. मागच्या प्रशिक्षणात माझ्या शेजारी बसलेले एक सर (निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, त्यामुळे बिनधास्त) म्हणाले, "ही सगळी फॅडं हो मॅडम. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तरी आम्ही शिकलोच की!"

शिकले ते शिकलेच, त्यात वाद नाही. पण ‘फॅड’ हा शब्द काही डोक्यातून जाईना. कारण रोजच्या वस्तू हातात देऊन रसायनशास्त्र शिकवणं ही गोष्ट नवी अजिबात नाही. चांगली दोनशे वर्षांहून जुनी आहे. दर वेळी ती कुणीतरी पुन्हा शोधून काढतं, दर वेळी ती वाजतगाजत वर्गात येते, आणि दर वेळी परीक्षा तिला हळूहळू गिळून टाकते. असं का होत असावं, म्हणून गेले काही महिने जमेल तसं वाचत होते. ते इथे लिहून ठेवते. थोडं लांबेल. रसायनाचं नाव काढलं की पळ काढणाऱ्या नातेवाइकांनी (कोण ते त्यांना माहीत आहे :-)) निदान कल्हईपर्यंत तरी यावं.

सुरुवात एका बाईंपासून करावी लागते. जेन मार्सेट, जन्म १७६९, लंडनचा. त्या काळात रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं फार गाजत. बाई ती ऐकायला जात, पण प्रयोग भराभर होत आणि निम्मं डोक्यावरून जाई. मग घरी येऊन एखाद्या जाणकार मित्राशी त्यावर बोललं, काही प्रयोग स्वतः करून पाहिले, की पुढचं व्याख्यान समजायला लागे. हा स्वतःचा अनुभव धरून त्यांनी १८०६ च्या सुमारास ‘कन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ हे पुस्तक काढलं. त्यात मिसेस बी. नावाच्या बाई एमिली आणि कॅरोलाइन या दोन मुलींना शिकवतात, सगळं गप्पांमधून. एमिली शहाणीसुरती, कॅरोलाइन उतावळी. प्रत्येक वर्गात एक कॅरोलाइन असतेच, तिला धूर आणि स्फोट हवा असतो. पुस्तक तुफान खपलं, इंग्लंडमध्येच सोळा आवृत्त्या निघाल्या. पण जवळजवळ तीस वर्षं त्यावर लेखिकेचं नाव नव्हतं.

हे पुस्तक १८१० च्या आसपास लंडनच्या एका बुकबाइंडरच्या दुकानात काम शिकणाऱ्या पोराच्या हाती पडलं. लोहाराचा मुलगा, शाळा नावापुरती झालेली. दिवसा पुस्तकं बांधायची आणि रात्री तीच वाचायची, असा त्याचा क्रम. मायकेल फॅरडे. उतारवयात त्याने एका पत्रात लिहिलं आहे की त्या पुस्तकातल्या गोष्टी त्याने आपल्या ऐपतीतले छोटे छोटे प्रयोग करून पडताळल्या, त्या खऱ्या निघाल्या, आणि मग ते पुस्तक त्याने घट्ट धरून ठेवलं. मला यातला ‘पडताळल्या’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विश्वास आधी ठेवला नाही, आधी करून पाहिलं.

पुढचा फॅरडे सगळ्यांना माहीत आहे, पण तो विजेचा. मला सांगायचाय तो मेणबत्तीचा. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली. १८६०-६१ च्या नाताळात, साठी उलटून गेलेल्या फॅरडेने सहा व्याख्यानं दिली आणि सहाही एका मेणबत्तीवर. (तोच विषय त्याने १८४८ मध्येही घेतला होता.) विल्यम क्रुक्सने संपादन करून १८६१ मध्ये त्यांचं पुस्तक केलं.

सहा व्याख्यानं म्हणजे केवढा वेळ! आणि हा गृहस्थ मेणबत्ती सोडतच नाही. जळताना वर एक वाटी तयार होते, तिच्या कडा वितळत का नाहीत? बाजूने वर चढणारी गार हवा कड थंड ठेवते म्हणून. वितळलेलं मेण वातीतून वर कसं चढतं? जळतं ते मेण, की मेणाची वाफ? यासाठी तो मेणबत्ती विझवतो आणि वातीतून निघणाऱ्या पांढुरक्या धुराला वरूनच काडी लावतो. ज्योत धुरावरून धावत खाली वातीवर येते. मी हा प्रयोग दरवर्षी करते आणि दरवर्षी वर्गातून तोच ‘हाऽऽ’ येतो, दीडशेहून जास्त वर्षं झाली तरी. मग ज्योतीवर बर्फाचं भांडं धरून पाणी जमवायचं. आगीतून पाणी! शेवटी चुन्याच्या निवळीने कार्बन डायऑक्साइड ओळखायचा आणि तीच निवळी आपल्या श्वासानेही दुधाळ होते हे दाखवायचं. माणूस दिवसाला सुमारे ७ औंस, म्हणजे अंदाजे २०० ग्रॅम कार्बन असा ‘जाळतो’ हा हिशोब त्याने मुलांसमोर मांडला.

चुन्याची निवळी करायला आपल्याकडे प्रयोगशाळासुद्धा लागत नाही. पानाच्या गादीवरचा चुना पाण्यात घुसळायचा, रात्रभर ठेवायचा, वरचं नितळ पाणी ओतून घ्यायचं. नळीने फुंकलं की दुधाळ. (फुंकायचं, ओढायचं नाही, हे चारदा सांगावं लागतं.) आता गंमत अशी की तसंच फुंकत राहिलं तर ते पुन्हा नितळ होतं. वर्ग गोंधळतो. मग ते नितळ पाणी तापवायचं, की पुन्हा गढूळ! इथे थांबायचं आणि विचारायचं, घरी असं कुठे पाहिलंय? दोन मिनिटं शांतता. मग मागच्या बाकावरून कुणीतरी, "मॅडम, आमच्या बंबाच्या तळाला पांढरं बसतं ते?" तेच. आमच्या भागातलं बोअरचं पाणी इतकं जड आहे की हा प्रयोग इथे आपोआप घरोघरी चालू असतो. कठीण पाण्याचा धडा पुस्तकात चार पानं पुढे आहे, पण तो त्या दिवशी होऊनच जातो.

फॅरडेनंतरचा एक माणूस आपल्याकडे फारसा माहीत नाही, हेन्री आर्मस्ट्राँग. लंडनचा रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि भलताच भांडखोर. १८८४ पासून त्याने एकच धोशा लावला होता, मुलांना उत्तरं सांगू नका, शोधायला लावा. १८८९ च्या सुमारास ब्रिटिश असोसिएशनसाठी त्याने शाळांकरता एक आराखडाच केला. आधी ओळखीच्या वस्तू बघायच्या, मग मोजायला शिकायचं, मग कोडी सोडवायची. त्यातलं पहिलं कोडं होतं, लोखंड गंजतं म्हणजे नक्की काय होतं? वजन वाढतं की घटतं? हवेतलं काही कमी होतं का? किती? पोरांना तराजू द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. (आम्हा शिक्षकांना यातलं दुसरं जास्त अवघड.) पद्धत छान, पण वेळखाऊ. पुढे तिच्या कट्टर अनुयायांनी तिचं कर्मकांड केलं. १९१८ मध्ये जे. जे. थॉमसन यांच्या समितीने शाळांमधल्या विज्ञानाचा आढावा घेतला, तेव्हा या अतिरेकावर टीका झाली. मला ती टीका बरीचशी पटते. प्रत्येक मुलाने सगळं रसायनशास्त्र स्वतः शोधायचं ठरवलं तर दहावी चाळिशीत होईल.

मधला काळ पटकन सांगते. १९५७ मध्ये रशियाचा स्पुतनिक वर गेला, अमेरिका हादरली, आणि तिथे शाळेचं विज्ञान नव्याने लिहायला मोठमोठे शास्त्रज्ञ बसले. रसायनाच्या ‘केम स्टडी’ प्रकल्पाचे अध्यक्ष तर ग्लेन सीबोर्ग, नोबेलवाले. १९६३ ची त्यांची पुस्तकं काटेकोर होती, प्रयोगही भरपूर. पण उद्देश उद्याचे शास्त्रज्ञ घडवण्याचा होता. ज्यांना शास्त्रज्ञ व्हायचं नव्हतं, त्यांचं काय?

त्या उरलेल्या मुलांसाठी अमेरिकन केमिकल सोसायटीने १९८० च्या दशकात ‘केमकॉम’ नावाचा अभ्यासक्रम केला. पुस्तक आलं १९८८ मध्ये. नावाचा अर्थ, समाजातलं रसायनशास्त्र. आणि हे पुस्तक उघडल्यावर काय दिसावं? अणूची रचना नाही, आवर्तसारणी नाही, एक वर्तमानपत्राची बातमी! रिव्हरवूड नावाच्या (काल्पनिक) गावात स्नेक नदीत हजारो मासे मरून तरंगताहेत, गावाचा पाणीपुरवठा बंद केलाय. मासे कशाने मेले?

मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा जेवायचं विसरले, खरंच. संशय कुणावर? कारखान्यावर? शेतातल्या खतांवर? सांडपाण्यावर? एकेका संशयिताला तपासायचं तर रसायन शिकावंच लागतं. जड धातू म्हणजे काय, आयन म्हणजे काय, पाण्यात काय किती विरघळतं, आम्लता कशी मोजतात. म्हणजे संकल्पना येते ती गरज पडल्यावर. शेवटी गुन्हेगार निघतो तो कुणाच्याच यादीत वर नसलेला. धरणातून सोडलेल्या पाण्यात हवाच प्रमाणाबाहेर विरघळलेली होती. माशांच्या रक्तात तिचे बुडबुडे झाले आणि ते मेले. खलनायक म्हणून कुणाला फाशी द्यावी अशी सोय नाही. मग प्रश्न उरतो, पाण्याचा खर्च कुणी सोसायचा? त्यावर वर्गात गावसभा भरवायची. कुणी व्यापारी, कुणी शेतकरी, कुणी पाणीपुरवठा खात्याचा माणूस.

त्यातलंच घाण पाणी साफ करण्याचं प्रात्यक्षिक मी वर्गात करते. तेल, माती, कॉफी घातलेलं पाणी देऊन टाकायचं. आधी तेल वेगळं, मग वाळू, मग कोळसा. आमच्याकडे कोळसा करवंटीचा, आणि शेवटी तुरटी फिरवायची. कुठल्या गटाचं पाणी सगळ्यात नितळ, याची चुरस लागते. आणि मग दर वर्षी कुणीतरी ते प्यायला निघतं. नितळ म्हणजे शुद्ध नव्हे, हे वाक्य फळ्यावर लिहिण्यापेक्षा तेव्हा सांगितलेलं जास्त लक्षात राहतं.

त्याच सुमाराला इंग्लंडात यॉर्क विद्यापीठातून ‘सॉल्टर्स’ नावाचा अभ्यासक्रम निघाला. सॉल्टर्स म्हणजे मिठाच्या व्यापाऱ्यांची लंडनमधली जुनी संघटना, पैसा तिचा. त्यात धड्यांची नावंच कपडे, पेयं, ऊब अशी. या सगळ्याचा उपयोग किती होतो याचाही अभ्यास झालाय. २००७ मध्ये ज्युडिथ बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे १७ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष साधा होता. अशा पद्धतीने शिकणाऱ्या मुलांना विज्ञान जास्त आवडतं, आणि समज नेहमीच्या पद्धतीएवढीच होते. कमी नाही, पण फार जास्तही नाही. ‘दैनंदिन जीवन’ ही जादूची कांडी आहे असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि फॅड म्हणणाऱ्यांनीही! तेवढंच समजून वर गोडी लागत असेल तर आपलं जातंय काय?

आता आपल्या देशातली गोष्ट, आणि मला सगळ्यात जास्त लागलेली. मध्य प्रदेशातला होशंगाबाद जिल्हा (२०२२ पासून नर्मदापुरम). अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टीआयएफआरमधलं संशोधन सोडून तिथे गेले आणि त्यांनी ‘किशोर भारती’ ही संस्था काढली. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी मिळून १६ सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. तिकडे माध्यमिक म्हणजे सहावी ते आठवी. म्हणजे हायस्कूलच्या अलीकडचं, पण रसायनाचा पाया तिथेच पडतो, म्हणून हे इथे येतं. टीआयएफआर आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सुट्ट्या काढून खेड्यातल्या मास्तरांबरोबर बसत. १९७८ मध्ये कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये तो चालवायला ‘एकलव्य’ संस्था निघाली, आणि पुढे पसरत पसरत तो सुमारे हजार शाळांपर्यंत पोचला.

पुस्तकाचं नाव ‘बाल वैज्ञानिक’. चार-चार मुलांच्या टोळ्या, प्रत्येक शाळेला स्वस्त सामानाची पेटी. पुस्तकात काय करायचं ते आहे, काय दिसलं असा प्रश्न आहे, पण उत्तर नाही. ते करूनच मिळवायचं. मुलांच्या मनातल्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र, त्याला मुलं पत्रं पाठवत आणि त्यांना उत्तरं येत. (जाता जाता, ही हिंदी पुस्तकं वाचणाऱ्या मराठी शिक्षकांनी एक सांभाळावं. हिंदीत क्षार म्हणजे आपली आम्लारी, आणि आपला क्षार म्हणजे त्यांचं लवण. पहिली दहा पानं डोकं गरगरतं.)

पण होशंगाबादवाल्यांची खरी हुशारी मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. त्यांनी परीक्षा बदलली. पुस्तक उघडं ठेवून लिहायची लेखी परीक्षा, शिवाय प्रात्यक्षिकाची परीक्षा. मार्सेट, फॅरडे यांना परीक्षेशी कर्तव्यच नव्हतं. इथे मात्र सरकारी शाळा, सरकारी मास्तर, आणि तरीही पाठांतराला वावच ठेवला नाही. जवळजवळ तीस वर्षं हे चाललं. २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला आणि शाळा नेहमीच्या पुस्तकाकडे परतल्या. तीस वर्षं उभं केलेलं एका निर्णयाने बंद होऊ शकतं, हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. एकलव्यची पुस्तकं अजून मिळतात, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

त्या कार्यक्रमाचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. अरविंद गुप्ता तेव्हा पुण्यात टेल्कोत इंजिनियर होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादला गेले आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी पहिली खेळणी केली. पुढे २००३ ते २०१४ ते आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. त्यांची मराठी पुस्तकं कित्येक शिक्षकांनी इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतलेली आहेत, मीही त्यातलीच. आणि आपल्या जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला १९७० च्या दशकातच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ग्रामीण शाळांबरोबर काम केलं होतं. पुस्तकाची भाषा सोपी केली की मुलं वर्गात बोलायला लागतात, हे त्या केंद्राच्या वि. गो. कुलकर्णींनी तेव्हा आवर्जून मांडलं. निरीक्षण साधं आहे, पण आमच्या पुस्तकातलं एखादं वाक्य मोठ्याने वाचून बघा म्हणजे त्याची किंमत कळेल.

तर हे सगळं वाचल्यावर मला जे दिसलं ते असं. मेणबत्ती काय, गंज काय, मेलेले मासे काय, वस्तू धड्याच्या सुरुवातीला आहे आणि प्रश्न उघडा आहे. आपल्याकडे वस्तू येते ती धड्याच्या शेपटाला, व्याख्या आणि समीकरणं झाल्यावर, ‘उपयोग’ म्हणून. आणि मग ती परीक्षेत जाते, ‘शास्त्रीय कारणे लिहा’ मध्ये. महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही हा प्रश्न सांगायला नको. हळदीचा डाग साबणाने लाल का होतो? चांदीचे दागिने काळे का पडतात? प्रत्येकी दोन गुण, दोन मुद्दे, गाईडमध्ये तयार. म्हणजे रोजचं जगसुद्धा आपण पाठ करण्याच्या यादीत बसवलं! मुलगी हळदीने माखलेल्या हातांनी घरून येते आणि वर्गात हळदीचं उत्तर घोकते.

दुसरं एक, हे वाचनापेक्षा वर्गानेच शिकवलं. रोजचं म्हणतो ते कुणाचं रोजचं? मिसेस बीं.च्या दिवाणखान्यातल्या मुलींचं निराळं, रिव्हरवूडचं निराळं. हळदीत चुन्याचं पाणी घातलं की लाल होते, जुन्या पद्धतीचं कुंकू याच तत्त्वावर व्हायचं. त्या कुंकवावर लिंबू पिळलं तर पुन्हा पिवळं होतं. बाजारातल्या नुसत्या रंगाच्या कुंकवाचं तसं होत नाही. प्रयोग फार सुंदर आहे. पण ‘घरून कुंकू आणा’ असं मी कधीच सांगत नाही, पुड्या मीच विकत नेते. ज्या घरात कुंकवाचा करंडा आता उघडत नाही, त्या घरातली मुलंही माझ्या वर्गात असतात. बारा-तेरा वर्षांच्या पोराला चाळीस जणांसमोर ‘आणलं नाही’ म्हणायला लावून मला कुठला दर्शक शिकवायचाय?

आता कल्हई. (आलात ना इथपर्यंत? आत्या, शाबास :-))

दहावीला धातूंच्या धड्यात कल्हई येते. गाईडमधलं उत्तर: पितळेची अन्नातील आम्लाशी अभिक्रिया होऊन विषारी क्षार तयार होतात, हे टाळण्यासाठी कथिलाचा थर देतात. दोन गुण. वर्गातल्या चाळीसपैकी निम्म्यांच्या घरी आता सगळं स्टील आणि ॲल्युमिनियम, त्यांनी कल्हई पाहिलेलीच नाही. पण एका मुलाचे आजोबा अजून कल्हई करतात, लग्नसराईत आचाऱ्यांची मोठी पातेली येतात त्यांच्याकडे. यंदा धडा सुरू करायच्या आधीच, एका शनिवारी, त्यांना शाळेच्या मैदानात बोलावलं.

आजोबांनी भाता मांडला, कोळसे फुलवले, पातेलं तापवलं. नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर, नाकाला झोंबणारा वास. कथिलाची कांडी टेकवली, ती पाण्यासारखी वितळली, आणि कापसाच्या बोळ्याने एका फिरवण्यात आतून चांदी! कथील २३२ अंशांना वितळतं हे पुस्तकात आहे. पातेलं तेवढं तापलंय हे आजोबा नवसागराच्या धुरावरून ओळखतात, हे पुस्तकात नाही. नवसागर कशाला, असं एकीने विचारलं. "मळ खातो तो. मळावर कथील धरत नाही." आम्ही वर्गात जाऊन बघितलं. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड निघतो, आणि दुसरा पितळेवरचा ऑक्साइडचा थर काढतो. मळ खातो, म्हणजे अगदी बरोबर. थोडा नवसागर ओल्या चुन्याबरोबर घोटला, तो अमोनियाचा वास सगळ्यांना कळला. मग प्रश्नांची रांग लागली. पितळेत ताक कळकतं, तर तांब्याच्या तांब्यातलं पाणी कसं चालतं? (पाणी आंबट नसतं, तांबं फारसं सुटत नाही. त्यात ताक किंवा लिंबाचं सरबत ठेवलं तर मात्र कळकणारच.) तासाची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

पंधरा दिवसांनी घटक चाचणी झाली. कल्हईचं शास्त्रीय कारण होतंच. आजोबांच्या नातवाने गाईडमधल्या दोन ओळी उतरवल्या होत्या, शब्दन् शब्द. नवसागर नाही, मळ नाही, धूर नाही. मी त्याला विचारलं, अरे, तुला तर किती माहीत होतं! तो म्हणाला, "मॅडम, बोर्डात त्याचेच मार्क मिळतात ना?" पेपर तपासण्याच्या सूचना मला पाठ आहेत. दोन मुद्दे, दोन गुण. त्याचं म्हणणं खोडून काढता आलं नाही.

म्हणून होशंगाबादकडून एवढंच उचललं. बोर्ड माझ्या हातात नाही, घटक चाचणी आहे. पुढच्या चाचणीत दहा गुणांचा एक भाग पुस्तक उघडं ठेवून आणि एक गोष्ट हाताने करून दाखवायची. मुख्याध्यापक ‘बघू’ म्हणालेत. आमच्या शाळेत ‘बघू’ म्हणजे नकार नसतो.

आणि करून दाखवायची गोष्ट मुलांनीच ठरवली आहे. त्या दिवशी एकाने विचारलं होतं की कथिलात शिसं मिसळतात म्हणे, ते खरं का. आजोबांनी उत्तर न देता कांडी त्याच्या कानाशी नेऊन वाकवली, कर्रर्र असा बारीक आवाज आला. "चोख कथील रडतं. शिसं घातलेलं रडत नाही." वर्ग थक्क. कथिलाचं हे रडणं रसायनशास्त्रालाही माहीत आहे, वाकवताना आतले स्फटिक सरकतात त्याचा तो आवाज. पण कानाने ठरवायचं की परीक्षानळीत? नातवाने दोन तुकडे आणून दिलेत, एक आजोबांच्या कांडीचा आणि एक बाजारातल्या स्वस्त कांडीचा. नायट्रिक आम्लात कथिलाचा पांढरा साका राहतो आणि शिसं विरघळतं. गाळून त्यात सोडियम सल्फेटचं द्रावण घातलं की शिसं असेल तर पांढरं बसतं. आम्लाचा भाग मी करणार, पुढचं मुलं. नायट्रिकची बाटली मागवली आहे, पुढच्या आठवड्यात येईल. तोपर्यंत वर्गात एकाच गोष्टीवर वाद चालू आहे, आजोबांच्या तुकड्यात शिसं निघालंच तर त्यांना सांगायचं कोणी. नातू म्हणतो, मी सांगीन, पण आधी दोनदा करून बघू.